पार्किंगमधला गणिताचा तास

ती योजना माझ्या गळ्यात पडली, कारण मी तासिका तत्त्वावर होते. तासिका तत्त्वावर म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्यांचेच पैसे, आणि दर जूनला नवी ऑर्डर निघेपर्यंत प्राचार्यांच्या केबिनबाहेर उभं राहायचं. अशा माणसाला ‘नाही’ म्हणता येत नाही, हे कॉलेजातल्या शिपायालाही ठाऊक असतं. कुठलंही काम घेऊन तो आधी माझ्याकडेच यायचा.

बारामतीजवळच्या जळोचीहून मी स्कूटीवर जायचे. सणसर मागे पडलं की थोड्या वेळानं आमचं कॉलेज लागायचं. त्याचं नाव सांगत नाही. तिथं मी आठ वर्षं बी.एस्सी.च्या मुलांना गणित शिकवलं. पहिल्या वर्षाला वर्ग भरून मुलं यायची. दिवाळीनंतर मागचे बाक रिकामे व्हायचे. आम्ही स्टाफरूममध्ये चहा पीत म्हणायचो, “पूर्वीसारखी मुलंच राहिली नाहीत.” आठ वर्षांत हे वाक्य मीही पुष्कळदा म्हटलं. म्हणताना बरं वाटायचं. मुलं वाईट म्हटली की आपण आपोआप चांगले ठरतो.

तर सरकारला या गळणाऱ्या मुलांची काळजी वाटू लागली आणि एक योजना आली. तिचं नाव इतकं लांब होतं की बॅनरवर दोन ओळींत बसवावं लागलं. पण कागदावर योजना खरोखर चांगली होती, हे मला मान्य करायलाच हवं. पहिल्या वर्षाच्या मुलांची आधी चाचणी घ्यायची, कोण कशात मागे आहे ते बघायचं, लहान गट करून रोज सकाळी जादा तास घ्यायचे, प्रत्येक मुलाशी बोलायचं. त्यासाठी निधी मिळणार होता. कुणा शहाण्या माणसानं मनापासून ती लिहिली असावी. आमच्यापर्यंत पोचेल तेव्हा तिचं काय होईल, याची त्या बिचाऱ्याला कल्पना नसावी.

आमचे प्राचार्य इतिहासाचे. ते वर्गावर शेवटचे कधी गेले हाही इतिहासच. योजनेचे समन्वयक म्हणून त्यांनी भूगोलाच्या विभागप्रमुखांना नेमलं. हे गृहस्थ निवृत्तीला टेकलेले, पांढरा सफारी घालणारे, आणि कुठल्याही कामाला “करून टाकू” म्हणणारे. काम मी करायचं आणि टाकायचं त्यांनी, अशी वाटणी ठरली.

पहिला हप्ता आला तसा सेमिनार हॉलला एसी बसला. पहिल्या वर्षाच्या मुलांना गारवा मिळाला की ती नापास होणार नाहीत, असा बहुधा विचार असेल. पुढं पुण्याहून एक व्याख्याता आणला. कानाला माइक लावून तो स्टेजवर येरझारा घालत होता. त्यानं मुलांना डोळे मिटायला लावले आणि “स्वतःला पाच वर्षांनी मोठ्या गाडीतून उतरताना बघा” असं सांगितलं. मग सगळ्यांना उभं करून “मी करणारच!” असं तीनदा ओरडायला लावलं. मुलं ओरडली. पोरांना ओरडायला काय लागतं? प्राचार्यांनी डोळे पुसले. त्यानंतर एसी बंद झाला आणि हॉलला कुलूप लागलं, ते पुढच्या पाहुण्यापर्यंत. किल्ली समन्वयकांच्या कपाटात.

सकाळचे जादा तास मात्र झाले नाहीत. त्यांच्या हजेरीपत्रकांची काय ती सोय झाली. समन्वयकांनी छापील कोरे कागद माझ्या हातात दिले. “मॅडम, प्रॅक्टिकलला मुलं सापडतात. तेवढ्या सह्या करून टाका.”

मी केल्या. म्हणजे घेतल्या. मुलं फिजिक्सच्या लॅबमध्ये लंबक मोजत असायची आणि मी टेबलाटेबलावर कागद फिरवायचे. कुणी वरचं वाचत नव्हतं. एक मुलगी सोडून.

ती जवळच्या कळंब गावाहून यायची. कमी बोलणारी, केसांना तेल चोपडलेलं, वह्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. तिनं कागद हातात घेतला, वरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि सावकाश वाचलं. मग मला म्हणाली, “मॅडम, ह्यो तास कुठं असतो?”

“कुठला?”

“ह्योच. गणित, सकाळी साडेआठ. मी आठलाच हितं असते. मला कधी दिसला न्हाय.”

आजूबाजूचे लंबक थांबले. मी म्हटलं, “सही कर. पुढं होणार आहेत तास.”

“मग झाल्यावर करते,” ती म्हणाली आणि कागद शेजारणीकडे सरकवला. आवाजात उद्धटपणा नव्हता, त्यामुळे मला रागावताही येईना. मला तिचा फार राग आला होता. अठरा वर्षांच्या पोरीला जे सरळ दिसत होतं ते आपण पाहायचं टाळतोय, हे कुणी असं चारचौघांत दाखवलं की राग त्याचाच येतो.

समन्वयकांना मी सांगितलं. ते पेपर वाचत होते, वाचतच राहिले. “एकीमुळे काय अडतंय? समजावा तिला.” मग चष्म्यावरून बघून म्हणाले, “जूनमध्ये तुमची ऑर्डर निघायचीय ना?”

इतकंच. धमकी द्यायलाही माणसानं थोडे कष्ट घ्यावेत. तेवढेही त्यांनी घेतले नाहीत.

मी समजावलं. ती ऐकून घ्यायची, मान हलवायची आणि सही करायची नाही. तिचं बघून आणखी दोघी थांबल्या, मग एक मुलगा. तेव्हा प्राचार्यांनी तिच्या वडलांना बोलावून घेतलं.

वडील बारामतीच्या मार्केटात भेंडी उतरवून परस्पर आले होते. अंगात शर्ट, खांद्यावर टॉवेल, पायांत धुळीच्या चपला. केबिनमध्ये सोफा होता, पण ते खुर्चीच्या कडेवर टेकले. मुलगी दाराशी उभी. प्राचार्यांनी गोड आवाज लावला.

“तात्या, तुमची मुलगी हुशार आहे. पण सगळ्यांपेक्षा वेगळं वागायचं, हे काही बरं नाही. शासनाची योजना आहे. तिच्याच भल्याची.”

वडलांनी तिच्याकडे पाहिलं. “काय केलं गं?”

“सही केली न्हाय. तास झालाच न्हाय, म्हणून.”

वडील प्राचार्यांकडे वळले. “सर, मला आपलं एक सांगा. आमी मार्केटात माल नेतो. काट्यावर चढल्याबिगर पावतीवर सही करत न्हाय. आडत्या किती का जवळचा आसंना. हिनं त्येच बघितलंय ल्हानपनापासनं. आता तुमी तास घ्या की. घेतला की करंल सही. व्हय का न्हाय गं?”

“व्हय,” ती म्हणाली.

प्राचार्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तीस वर्षांच्या नोकरीत तास घेण्याचा पर्याय त्यांना कुणी सुचवला नसावा. ते घंटी वाजवून म्हणाले, “चहा सांगा रे तात्यांना.” चहा येण्याआधीच वडील उठले, टेम्पो गेटात उभा होता.

मग ठरलं की एक तास घ्यायचा. एकच, फोटोपुरता. हल्ली फोटोवर जागा आणि वेळ उमटवणारं ॲप असतं. त्याच्याशिवाय वर पुरावा चालत नाही. दुसऱ्या दिवशी साडेआठला सेमिनार हॉल उघडला, पंधरा-सोळा मुलं बसवली, समन्वयकांनी चार कोनांतून फोटो काढले आणि “चालू द्या” म्हणून गेले. मुलं माझ्याकडे बघत बसली. घड्याळात अजून पन्नास मिनिटं होती. काहीतरी करायला हवं म्हणून मी म्हटलं, “चला, योजनेत लिहिलंय तशी चाचणी घेऊ.” आणि पुस्तकातला पहिल्या धड्यातला पहिला प्रश्न फळ्यावर लिहिला. इंग्रजीत. पुस्तक इंग्रजीतच होतं.

कुणी पेन उचललं नाही. कळंबच्या मुलीला बारावीला गणितात चांगले मार्क होते, म्हणून मी तिलाच विचारलं, “काय अडलं?”

“मॅडम, लेट म्हंजी उशीर ना? मग एक्सला उशीर का झालाय?”

एक मुलगा फिसकन हसला. मी त्याला उभं केलं. “तू सांग लेटचा अर्थ.”

त्यानं पुस्तकात डोकं घातलं. दुसऱ्याला विचारलं. तो म्हणाला, “मॅडम, ते प्रत्येक गणितात असतंच, म्हणून आमी सोडून देतो.”

मी खडू ठेवला. ‘समजा एक्स ही एक संख्या आहे’ एवढंच त्या ओळीत होतं. ‘समजा’ म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे मोकळे झाले. मग मी एकेक शब्द विचारत गेले. ‘ॲट लीस्ट’ म्हणजे काय? “शेवटचा.” ‘ॲट मोस्ट’? “सगळ्यात जास्त... म्हंजी मोठाच घ्यायचा ना?” ‘सच दॅट’ कुणालाच माहीत नव्हतं. ही मुलं गणितात कच्ची नव्हती. गणित दाराच्या आत होतं आणि दार इंग्रजीत होतं. ते ढकलायचं की ओढायचं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं मी फळ्यावर ‘लेट एक्स’ लिहून पाठ वळवत होते. मुलं उतरवून घेत होती. आणि चहाच्या वेळी मी म्हणत होते, पूर्वीसारखी मुलंच राहिली नाहीत.

तास सुटल्यावर कळंबच्या मुलीनं पिशवीतून पेन काढलं. “मॅडम, आजची सही कुठं करू?”

तिनं एकच सही केली, त्याच तारखेची. बाकीचे रकाने बोटानं मोजले आणि मोकळे सोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती, आणि तिच्याबरोबर आणखी नऊ जण, हॉलच्या कुलपासमोर उभे. मी त्यांना बोलावलं नव्हतं. समन्वयक म्हणाले, “हॉल रोज उघडून कसं चालेल? खुर्च्यांची कव्हरं खराब होतात.” त्या वेळी वर्गात ज्युनिअर कॉलेज भरायचं. मग मागच्या पार्किंगच्या पत्र्याखाली आम्ही बसलो. जुना फळा भिंतीला टेकवला. मोटारसायकली येत-जात राहायच्या, आणि उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावरून गाणी लावून जायला लागले की मी हातवारे करून शिकवायचे.

याचे पैसे मला मिळत नव्हते. मी थोर काही केलं असं कुणी समजू नये. रोज सकाळी निघताना मी स्वतःला शिव्या देत होते. नवरा म्हणायचा, “तुला पदक देणार हायेत का?” सगळी मुलंही गुणी नव्हती. एक जण नुसता शेजारच्या मुलीसाठी यायचा. दोघं पोलीस भरतीच्या मैदानावर गेले ते गेलेच. पण सात-आठ जण टिकले. आम्ही एक वही केली, इंग्रजी शब्द आणि पुढं मराठी. कळंबच्या मुलीनं ती सुंदर अक्षरात लिहिली.

हे एवढं सांगितलं, आता दुसरंही सांगते. हिवाळ्याच्या शेवटी योजना पाहायला समिती येणार असं पत्र आलं आणि समन्वयकांनी सगळी हजेरीपत्रकं टेबलावर मांडली. त्या मुलीच्या रकान्यात जुलैपासून भगदाड. तिचं बघून थांबलेल्या बाकीच्या तिघांनी केव्हाच सह्या करून टाकल्या होत्या. “हे भरून टाका,” ते म्हणाले आणि हात धुवायला गेले. भरून टाका म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तिची सही सोपी होती. शाळेतल्यासारखं पूर्ण नाव, वर सरळ रेघ. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीनंतर माझा हात बसला. त्या सगळ्या लबाड माणसांमध्ये तिची सही खोटी करणारी मीच होते, भूगोलवाले नव्हेत. त्यांचा मला तिटकारा येतो, पण त्या तिटकाऱ्यावर मी फार मोठा हक्क सांगू शकत नाही.

समिती आली त्या दिवशी पहिल्या वर्षाला सुट्टी दिली. योजना पहिल्या वर्षाच्या मुलांची, ती पाहायला लोक येणार, आणि मुलांना सुट्टी! प्राचार्यांचं म्हणणं, “नवीन मुलं काहीही बोलतात.” हॉलमध्ये तिसऱ्या वर्षाची निवडक मुलं नवे शर्ट घालून बसवली. त्यातला एक ग्रंथपालांचा मुलगा. “या योजनेमुळे माझा आत्मविश्वास वाढला,” हे वाक्य त्यांना आदल्या दिवशी पाठ करायला दिलं होतं. समितीत तिघं होते. त्यांना फेटे बांधले, शाली दिल्या, एसी सोळावर ठेवला. शाली पांघरूनच त्यांनी बैठक घेतली, कारण हॉलमध्ये थंडी वाजत होती.

माझी मुलं सुट्टी असूनही आली होती. आमचा तास वेळापत्रकात नव्हताच, मग त्याला सुट्टी कशी लागणार? मी शिकवत होते, तेवढ्यात समितीचे अध्यक्ष स्वच्छतागृह शोधत मागच्या बाजूला आले. डोक्याला फेटा तसाच. समन्वयक मागून पळत होते.

“हे काय चाललंय?” अध्यक्षांनी विचारलं.

मला वाटलं, आता फुटेल सगळं. खरं सांगायचं तर मला तसं व्हायला हवं होतं. आणि ऑर्डर जाईल म्हणून भीतीही वाटत होती.

अध्यक्ष पुढच्या मुलीकडे वळले. ती कळंबचीच. “बाळ, या योजनेचा तुला काय फायदा झाला?”

“कुठली योजना?” ती म्हणाली.

“अगं, हे सकाळचे वर्ग.”

“हे मॅडम घेतात. हॉलला कुलूप असतं, म्हणून हितं बसतो.”

याहून स्पष्ट कुणी काय सांगावं? अध्यक्षांनी पत्र्याकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं, शेजारच्या आंब्याकडे पाहिलं. आणि त्यांचा चेहरा उजळला.

“वा! चार भिंतींच्या बाहेरचं शिक्षण! हे तुम्ही अहवालात लिहिलंच नाही?”

समन्वयक एका क्षणात सावरले. “सर, आम्ही प्रसिद्धीच्या मागे नसतो.”

मुलांना उभं करून फोटो काढला. अध्यक्ष मधोमध, हातात खडू. मग सगळे जेवायला गेले. कॉलेजला उत्तम शेरा मिळाला. पार्किंगचा उल्लेख ‘निसर्गाच्या सान्निध्यातील अभिनव अध्यापन’ असा झाला, आणि म्हणे इतर कॉलेजांनी याचं अनुकरण करावं. दुसऱ्या हप्त्यात प्राचार्यांच्या केबिनला नवीन फरशी बसली. समन्वयकांचा सत्कार झाला. भाषणात त्यांनी मुलांच्या डोळ्यांतली चमक वगैरे सांगितली. मी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत होते.

परीक्षेत आमच्या पत्र्याखालच्या सात जणांपैकी पाच गणितात सुटले. ती मुलगी चांगल्या मार्कांनी सुटली, केमिस्ट्रीत मात्र राहिली आणि पुढच्या वेळी तो विषय काढला. जूनमध्ये माझी ऑर्डर निघाली. त्यापुढच्या जूनमध्ये निघाली नाही. संस्थेतल्या कुणाच्या तरी सुनेचं एम.एस्सी. पूर्ण झालं होतं. मी जळोचीत घराच्या पुढच्या खोलीत शिकवणी सुरू केली. पहिला आठवडा नुसते शब्द शिकवते.

गेल्या वर्षी सासऱ्यांनी डाळिंब लावायचं काढलं, तेव्हा मातीचा नमुना घेऊन मी तपासणीच्या लॅबमध्ये गेले. खिडकीच्या आत ती बसलेली. पांढरा कोट, केस कापलेले. मला बघून उठली, आत बोलावलं, स्वतःच्या डब्यातलं थालीपीठ पुढं केलं. बोलण्यात आता ‘आहे’ आलं होतं, पण अधूनमधून ‘हाय’ निसटायचं. इकडचं-तिकडचं झालं. मला बोलण्यासारखं सापडेना, म्हणून मी त्या पाच-सात मुलांची चौकशी केली. तिनं सांगितलं. मग म्हणाली, “आणि आमच्या गावातल्या दोघी. त्या आठवतात का?”

मला आठवत नव्हत्या.

“बारावीला माझ्यापेक्षा हुशार होत्या. दिवाळीनंतर आल्याच न्हाईत.”

“का?”

“मंगळवारी आणि गुरुवारी प्रॅक्टिकल सुटायचं तोवर गाडी गेलेली असायची. पुढची गाडी अंधाराची. मला आणायला वडील यायचे. त्यांच्याकडं कोण यायचं? घरच्यांनी बंद केलं.” ती डब्याचं झाकण लावत होती. “मी तेव्हा तुम्हाला सांगणार होते. पण तुम्ही घाईत असायच्या.”

पहिल्या वर्षाचं वेळापत्रक त्या वर्षी मीच केलं होतं. प्रॅक्टिकल अर्धा तास अलीकडे घ्यायला सरकारचा एक पैसा लागला नसता. मंजुरी लागली नसती, समिती लागली नसती. खोडरबर पुरलं असतं. योजनेतल्या चाचणीच्या छापील कागदावर ‘विद्यार्थ्याच्या अडचणी’ असा रकाना होता, आणि त्या रकान्यात सगळ्यांच्या नावापुढं एकदमच ‘निरंक’ लिहून टाकलेलं होतं.

मी त्या दोघींची नावं विचारली. तिनं सांगितली. एकीचं लग्न होऊन ती कळंबातच मळ्यात आहे, दुसरीचा पत्ता तिलाही नव्हता.

“रिपोर्ट सोमवारी मिळेल,” ती म्हणाली, आणि मातीच्या पिशवीवर चिठ्ठी चिकटवून पुढच्या माणसाला आत बोलावलं.